रोटरी इंजिन 'फ्लड' झालं तेव्हा

गंगापूर रोडला मामांची जुनी इम्पोर्टेड रोटरी गाडी आहे, म्हणजे इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. डिसेंबरच्या गारठ्यात कोणीतरी ती जराशी मागे घेऊन लगेच बंद केली. मग स्टार्टर फिरतोय, गाडी काही पेटेना. सायलेन्सरला पेट्रोलचा वास. म्हणजे इंजिन 'फ्लड', आत पेट्रोल साचलेलं. थंड इंजिन असं बंद केलं की जादा पेट्रोल आतलं ऑइल धुऊन काढतं, रोटरच्या टोकांचे सील नीट बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवा-पेट्रोलचा दाब) पडतं.

फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलची कनेक्शनं काढली, चारही स्पार्क प्लग खोलले. (एका रोटरला दोन, वरचे-खालचे वेगळे. अदलाबदल नको!) स्टार्टर थांबून थांबून फिरवला, पेट्रोल बाहेर उडालं. प्लगच्या भोकांतून थोडं इंजिन ऑइल सोडलं, प्लग सुकवून बसवले, सगळं जोडलं. बॅटरी दमली होती, म्हणून जंपर लावला. पेटली! धूर मात्र असा, की शेजारच्या काकू धावत आल्या.