स्कायरिममध्ये लपूनछपून कसं खेळावं: खंजीर, धनुष्य आणि न वाजणारे बूट

स्कायरिम हा व्हिडिओ गेम २०११ साली आला. इतक्या वर्षांनंतरही नवा खेळाडू त्यात उतरला की थोड्याच दिवसांत कुठल्यातरी गुहेच्या कोपऱ्यात दबा धरून धनुष्य ताणत बसलेला सापडतो. खेळाची रचनाच तशी आहे. तरीही अशी बरीच पात्रं विसाव्या लेव्हलच्या सुमाराला लंगडी पडतात. बाण लागतो, पण शत्रू मरत नाही, आणि मग पळता भुई थोडी होते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पर्क, म्हणजे लेव्हल वाढल्यावर निवडायच्या खास क्षमता, चारी दिशांना उधळलेले असतात. प्रत्येक लेव्हलला पर्कचा एकच पॉइंट मिळतो, आणि लपून मारणाऱ्या पात्राला सुरुवातीचे सगळे पॉइंट मोजक्या झाडांतच (प्रत्येक स्किलच्या पर्कचं एक झाड असतं) घालावे लागतात.

आधी गणित समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. शत्रूला तुमचा पत्ता नसताना केलेला वार म्हणजे स्नीक अटॅक. एकही पर्क नसताना एकहाती शस्त्राचा असा वार तिप्पट बसतो आणि धनुष्याचा दुप्पट. स्नीकच्या (लपण्याच्या स्किलच्या) झाडात बॅकस्टॅब घेतला की एकहाती शस्त्र सहापट होतं, डेडली एमनं धनुष्य तिप्पट होतं, आणि असॅसिन्स ब्लेड घेतला की खंजिराचा वार थेट पंधरापट. आता आकडे घाला. लोखंडी खंजिराचं मूळ नुकसान फक्त ४ आहे, म्हणून लोक तो विकून टाकतात. पण पंधरापट केल्यावर तो ६० होतो. पोलादी तलवारीचे ८ सहापट केले तरी ४८च. साधा लाँग बो ६ आणि लोखंडी बाण ८, मिळून १४. तिप्पट केले की ४२. म्हणजे खेळातलं सगळ्यात किरकोळ हत्यार मागून घातलं की सगळ्यात जड बसतं. या पात्राची बांधणी त्या एका पर्कच्या दिशेनं करायची. बाकी सगळं त्यामागून येऊ द्या.

वंश आणि पहिला तास

वंशावर फार डोकं खपवू नका. खजीतला स्नीकमध्ये १० आणि धनुष्य, एकहाती शस्त्र, अल्केमी (औषधं-विषं बनवणं), लॉकपिकिंग (कुलपं उघडणं), पिकपॉकेट (खिसे कापणं) यांत ५-५ जास्त मिळतात, शिवाय अंधारात दिसण्याची शक्ती. वुड एल्फला धनुष्यात १० आणि विष व रोगांपासून ५० टक्के संरक्षण. खंजिराकडे ओढा असेल तर खजीत, धनुष्याकडे असेल तर वुड एल्फ. पण हा फरक पहिल्या काही तासांपुरताच जाणवतो. ऑर्क घेऊनही हे पात्र जमतं, फक्त सुरुवात जरा रखडते.

खेळाच्या सुरुवातीला हेल्गेन गावातून निसटताना शेवटच्या गुहेत एक अस्वल झोपलेलं असतं आणि सोबती तुमच्या हाती धनुष्य देतो. घाई करू नका. खाली बसा, पडद्याच्या मध्यभागी उमटणाऱ्या डोळ्याकडे बघत हळूहळू पुढे सरका. डोळा मिटलेला म्हणजे तुम्ही लपलेले, अर्धवट उघडला म्हणजे कुणाला तरी संशय आलाय, पूर्ण उघडला म्हणजे सापडलात. अर्धवट उघडल्यावर नवखा माणूस घाबरून पळतो आणि तिथेच फसतो, कारण हालचालीनंच संशय वाढतो. जागच्या जागी थांबा. डोळा पुन्हा मिटेपर्यंत बोटसुद्धा हलवू नका.

बाहेर पडल्यावर रिव्हरवूड गावाच्या वाटेवर स्किलं वेगानं वाढवणारे तीन दगड लागतात. त्यातला चोराचा दगड घ्या. स्नीक, लाइट आर्मर, लॉकपिकिंग, पिकपॉकेट, अल्केमी आणि स्पीच ही सहा स्किलं २० टक्के वेगानं वाढतात. धनुष्य आणि एकहाती शस्त्र मात्र योद्ध्याच्या दगडाखाली येतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हरकत नाही, धनुष्यासाठी दुसरी सोय आहे.

ती सोय रिव्हरवूडमध्येच राहते. फेंडाल नावाचा वुड एल्फ तिथे धनुर्विद्या शिकवतो, तेही ५० पर्यंत. गावातल्या कॅमिला व्हॅलेरियसच्या प्रेमप्रकरणात त्याची बाजू घेतलीत, म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी स्वेन याची खोटी चिठ्ठी उघडकीला आणलीत, तर तो तुमचा सोबतीही होतो. मग शिकवणीचे पैसे मोजायचे, त्याच्या झोळीत हात घालायचा आणि तेच पैसे परत घ्यायचे. एका लेव्हलमध्ये पाचच धडे मिळतात, म्हणून लेव्हल वाढली की पुन्हा त्याच्याकडे फेरी मारा. काम झालं की त्याला निरोप द्या. सोबत्यांचं पुढे येतंच.

पर्क कसे लावायचे

पहिला पर्क स्नीकमधला स्टेल्थ, त्यानं पकडलं जाणं २० टक्के अवघड होतं. दुसरा धनुष्याच्या झाडातला ओव्हरड्रॉ, बाणाला २० टक्के जादा नुकसान. यानंतर स्नीकचं स्किल ३० ला पोचलं की बॅकस्टॅब, ४० ला डेडली एम, ५० ला असॅसिन्स ब्लेड. स्नीक ५० होईपर्यंत मधे मिळणारे पॉइंट ओव्हरड्रॉच्या पुढच्या पायऱ्यांत आणि ईगल आयमध्ये (नेम धरताना दृश्य जवळ आणणारा पर्क) घाला. काही पॉइंट हातात शिल्लक ठेवले तरी चालतं, खेळ तुम्हाला लगेच खर्चायला लावत नाही. लॉकपिकिंगच्या झाडात एकही पॉइंट टाकू नका. सगळ्यात अवघड कुलूपसुद्धा पर्कशिवाय उघडतं, फक्त पिन जास्त मोडतात. रिफ्टन शहरातल्या थीव्ह्ज गिल्डचं (चोरांच्या टोळीचं) कथानक पुढे नेलंत तर कधीच न मोडणारी स्केलेटन की हाती येते, आणि ती कथेच्या शेवटी परत करावी लागते. म्हणून ती परत करण्याआधी थोडं रेंगाळायला हरकत नाही.

लाइट आर्मरच्या झाडाचीही घाई नको. हे पात्र मार खायला बांधलेलं नाही. लेव्हल वाढल्यावर मिळणारे १० पॉइंट मात्र दोनदा हेल्थला आणि एकदा स्टॅमिनाला द्या. चूक झाली की एक-दोन घाव खाऊन पळता यायला हवं, आणि स्टॅमिनामुळे वजन उचलण्याची क्षमताही ५ नं वाढते.

एक धोका इथेच सांगायला हवा. पात्राची लेव्हल कुठलंही स्किल वाढलं की वाढते, आणि बरेच शत्रू तुमच्या लेव्हलनुसार बळकट होत जातात. दिवसभर भट्टीशी बसून लोखंडी खंजीर घडवत राहिलात किंवा शंभर कुलपं उघडलीत तर लेव्हल वर जाईल, पण मारण्याची ताकद तिथेच राहील. आधी स्नीक आणि धनुष्य, मग हस्तकला.

आवाजाचा बंदोबस्त

नवे खेळाडू अंधाराला फार जपतात आणि आवाजाकडे दुर्लक्ष करतात. अंधार महत्त्वाचा आहेच: हातात मशाल घेऊन किंवा कॅन्डललाइटचा मंत्र मारून कुणी लपत नाही. पण गुहेत अंधार आयता मिळतो, शांतता मात्र तयार करावी लागते. जड चिलखत वाजतं. पळणं चालण्यापेक्षा जास्त ऐकू जातं. पीसीवर कॅप्स लॉक दाबला की चालणं आणि धावणं यांत बदल होतो, दबकून जातानाही.

यावरचा उपाय म्हणजे मफल, हालचालीचा आवाज दाबणारा जादूचा गुण. तो तीन वाटांनी मिळतो. एक, इल्यूजन या जादूच्या शाखेतला मफल हा मंत्र. तो विंटरहोल्डच्या कॉलेजात विकत मिळतो, तीन मिनिटं टिकतो आणि वारंवार वापरल्यानं इल्यूजन झपाट्यानं वाढतं. दोन, मफलचे बूट कुठे सापडले तर आर्केन एन्चँटरवर (वस्तूंवर जादूचे गुण चढवायच्या मेजावर) ते मोडून तो गुण शिकून घ्या आणि आपल्या आवडीच्या बुटांवर चढवा. इथे सोल जेम (गुण चढवताना खर्ची पडणारं रत्न) लहान असो की मोठा, परिणाम सारखाच मिळतो, तेव्हा सगळ्यात स्वस्त, 'पेटी' (Petty) प्रकारचा सोल जेम वापरा. तीन, डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीचा पोशाख.

ही तिसरी वाट सगळ्यात जवळची आहे, कारण तिला लेव्हलची अट नाही. विंडहेल्ममध्ये अव्हेन्टस आरेतिनो या पोराला भेटा, मग रिफ्टनच्या अनाथालयातल्या ग्रेलॉडचा निकाल लावा आणि नंतर कुठेतरी झोपा. जाग येते ती एका पडक्या झोपडीत, समोर टोळीची म्होरकी अॅस्ट्रिड बसलेली असते. तिच्या टोळीत गेलात की श्राउडेड पोशाख मिळतो. बुटांत मफल, शिरस्त्राणात धनुष्याला २० टक्के जादा नुकसान, अंगरख्यात विषापासून ५० टक्के बचाव. आणि हातमोजे! ते एकहाती स्नीक अटॅक दुप्पट करतात. पंधराचे तीस झाले. मघाचा तो ४ चा लोखंडी खंजीर आता १२० चा घाव घालतो. एवढ्या सुरुवातीला एवढा मोठा फायदा देणारी वस्तू या पात्रासाठी खेळात दुसरी नाही, असं आमचं ठाम मत आहे.

मफल हाताशी आला की स्नीकच्या झाडातल्या मफल्ड मूव्हमेंटची किंमत जवळपास उरत नाही. मात्र लाइट फूट त्याच्याच पुढे आहे, आणि तो असला की जमिनीतल्या कळीवर पाय पडला तरी सापळा सुटत नाही. ड्रॉगरच्या (चालत्या-फिरत्या प्रेतांच्या) थडग्यांत ज्यांचा जास्त वेळ जातो त्यांनी तो घ्यावा.

पहिली खरी परीक्षा

सरावाला ब्लीक फॉल्स बॅरो हे जुनं थडगं उत्तम. आत शिरताच मोठ्या दालनाच्या टोकाला दोन दरोडेखोर शेकोटीपाशी बोलत उभे असतात. डाव्या-उजव्या बाजूच्या पडझडीचा आडोसा घ्या, दूरच्या माणसावर आधी नेम धरा. जवळच्याला आधी मारलंत तर प्रेत दुसऱ्याच्या नजरेसमोर पडतं आणि तो शोधायला निघतो. पहिला बाण गेला की जागा बदला, कारण शोधणारा बाण जिथून आला तिकडेच येतो. कोपरा गाठा, बसा, डोळा मिटू द्या, मग दुसरा बाण.

पुढे तीन खांबांचं कोडं लागतं. तिथे एक दरोडेखोर आपल्याला पाठमोरा होऊन चालत जातो. त्याला मारू नका. तो खांब न फिरवताच खटका ओढतो आणि बाणांच्या वर्षावात स्वतःच मरतो. तुम्ही मात्र खांब साप, साप, देवमासा असे लावून मग खटका ओढा.

ड्रॉगर कोनाड्यांत आडवे पडलेले असतात. त्यातले काही खरोखरच मेलेले आणि काही जवळ गेलात की उठणारे. शंका आली की लांबूनच बाण मारून बघा, बाण स्वस्त आहेत. डॉनगार्ड हे विस्तारकथानक असेल तर भट्टीवर एक लोखंडाची कांब आणि एक लाकडाचा ओंडका यांतून २४ बाण होतात. शेवटच्या दालनात शब्दभिंत (ड्रॅगनभाषेतले शब्द कोरलेली भिंत) वाचली की मागची शवपेटी फुटते. त्या ड्रॉगरशी खंजीर घेऊन भिडू नका, अंतर राखा आणि धनुष्यच वापरा.

विष

अल्केमीत पर्क न घालताही विष कामाला येतं. डेथबेल आणि नाइटशेड एकत्र केले की हेल्थ घटवणारं विष होतं. डेथबेल मॉर्थालच्या दलदलीत भरपूर उगवते. कॅनिस रूट आणि इम्प स्टूल यांचं पक्षाघाताचं विष याहून मोलाचं, कारण खाली पडलेल्या शत्रूपासून दूर पळायला वेळ मिळतो. विष एकाच वारापुरतं टिकतं, म्हणून ज्या शत्रूचा पहिल्या घावात निकाल लागणारच आहे त्याच्यावर ते वाया घालवू नका. ते म्होरक्यासाठी राखा. आणखी एक: लूना मॉथ विंग आणि व्हॅम्पायर डस्ट यांतून अदृश्य होण्याचं औषध बनतं. दोन-तीन कुप्या कायम जवळ असू द्या. अदृश्य असताना काही उचललंत किंवा दार उघडलंत तरी परिणाम संपतो, त्यामुळे आधी पळून घ्या, पेट्या नंतर.

कुठे घोडं अडतं

सोबती. लिडिया ही सोबतीण जड चिलखतात खडखडत मागे येते, सापळ्यांच्या कळांवर पाय देते आणि तुमचा बाण सुटायच्या आत तलवार उपसून धावते. मोहिमेला जाताना तिला घरी ठेवा किंवा दाराशी थांबायला सांगा.

स्नीक वाढत नाही अशी तक्रार असेल तर बहुधा तुम्ही फक्त धनुष्यच वापरत आहात. जवळून घातलेल्या घावानं स्नीकला बाणापेक्षा कितीतरी जास्त अनुभव मिळतो. झोपलेला दरोडेखोर दिसला की बाण आवरा आणि खंजीर घेऊन जा. शिक्षक हवा असेल तर खजीतांच्या तांड्यातली खायला, आणि पुढच्या टप्प्यात रिफ्टनच्या रॅग्ड फ्लॅगनमधला डेल्व्हिन मॅलरी, जो ९० पर्यंत शिकवतो. शिकवणी झाली की पिकपॉकेट करून त्याच्याकडून पैसे परत काढता येतात. आधी सेव्ह करा, कारण यशाची शक्यता ९० टक्क्यांवर कधीच जात नाही.

ड्रॅगनपुढे ही सगळी विद्या तोकडी पडते. उघड्या माळावर तो वरून येतो, आणि स्नीक अटॅकची संधी क्वचितच मिळते. तिथे सरळ धनुष्याचं झाड आणि आडोसा यांवर भिस्त ठेवायची. स्नीक १०० झालं की शॅडो वॉरियर मिळतो: लढाईच्या मध्यात खाली बसलात की क्षणभर लढाई थांबते आणि दूरचे शत्रू तुम्हाला पुन्हा शोधू लागतात. तेवढ्यात घातलेला खंजिराचा घाव पुन्हा स्नीक अटॅक ठरलेला असतो. लेजेंडरी या सगळ्यात वरच्या अवघडपणावर तुम्ही केलेलं नुकसान चौथाईवर येतं आणि शत्रूनं केलेलं तिप्पट होतं. तिथे हे पात्र तग धरतं ते याच पर्कमुळे, म्हणून स्नीक शंभरावर नेण्याआधी तो अवघडपणा निवडू नका.