ऑस्ट्रेलियाला घरचं सामान पाठवताय? या चुका टाळा

नोकरीसाठी मेलबर्न-सिडनीला निघालेल्या कुटुंबाचं सामान अख्खा कंटेनर भरेल एवढं सहसा नसतं. पंधरा-वीस खोकी, देवघर, मुलांची सायकल. मग पॅकर्सवाला सुचवतो, एलसीएलने, म्हणजे पूर्ण कंटेनर न घेता पाठवा, जेवढी जागा तेवढेच पैसे. सल्ला बरोबर आहे. फक्त त्या कंटेनरमध्ये इतरांचाही माल असतो, आणि तुमची खोकी वाटेत बऱ्याच जणांच्या हातातून जातात, हे तो सांगत नाही.

किलोवर हिशेब

विमानाच्या बॅगांची सवय असल्याने लोक वजनकाटा घेऊन बसतात. जहाजाचं भाडं घनमीटरवर लागतं. एका घनमीटरमागे एक टनाहून जास्त वजन भरलं तरच ते वजनावर जातं, आणि घरसामान एवढं जड नसतं. 60 × 45 × 45 सेंटिमीटरची आठ खोकी म्हणजे जेमतेम एक घनमीटर. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असं एक लोखंडी कपाट जवळजवळ सात खोक्यांची जागा खातं. ते रिकामं पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. कपाट इथेच कुणाला तरी देऊन टाका. सामान तेरा-चौदा घनमीटरच्या पुढे जात असेल, तर वीस फुटी पूर्ण कंटेनरचंही कोटेशन मागवा. फरक अनेकदा वाटतो तेवढा नसतो.

‘न्हावा शेवा ते मेलबर्न’ एवढाच दर बघूनही फसायला होतं. पलीकडे टर्मिनलचा खर्च, कंटेनर रिकामा करून माल वेगळा करण्याचा खर्च, डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडवण्याचं पत्र), बायोसिक्युरिटी (कीड-रोग शिरू नयेत म्हणून होणारी) तपासणी आणि घरपोच वाहतूक, ही सगळी बिलं वेगळी निघतात. समुद्राचं भाडं संशय यावा इतकं स्वस्त असेल, तर ते तिकडे वसूल होणार हे धरून चाला. दर घरापासून घरापर्यंतचा आहे का आणि त्यात काय धरलेलं नाही, हे लेखी घ्या.

स्वयंपाकघर जसंच्या तसं भरणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. खापरा भुंगेरा नावाची साठवलेल्या धान्यातली कीड आपल्या देशात शिरू नये म्हणून ऑस्ट्रेलियाने 2020 पासून घरसामानातून येणाऱ्या काही वस्तूंवर सरळ बंदी घातली आहे. त्या यादीत तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, जिरे, धने आणि सुक्या मिरच्या आहेत. म्हणजे आपला अख्खा मिसळणाचा डबाच! आई प्रेमाने कढईत मेतकुटाची पुडी खोचून ठेवते आणि त्या पुडीपायी खोकं उघडलं जातं. खाण्याचं काहीही ठेवू नका. डबे नुसते रिकामे करून भागत नाही, ते घासून, वाळवून भरा. झाकणाच्या खाचेत अडकलेले दोन-चार दाणेही दिसतात.

खोकीही नवीच घ्या, पाच किंवा सात प्लायची (थरांच्या पुठ्ठ्याची). वाण्याकडून आणलेलं फळांचं खोकं किंवा धान्याचं गोणपाट नको, भांड्यांमध्ये पेंढा तर मुळीच नको. केरसुणी, सूप, मोरपीस, आंब्याचं तोरण, सुपाऱ्या, नारळ घरीच राहू द्या. रुद्राक्षाची माळ म्हणजेही बियाच. पूजेच्या सामानातला कापूर ज्वालाग्राही असल्याने धोकादायक मालात मोडतो. काडेपेटी, डिओडोरंटचे डबे आणि पॉवर बँकही त्याच रांगेत.

पोळपाट, पाट आणि देवघर उलटं करून बघा. बारीक भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसला की ती वस्तू बाजूला काढा. सामानासाठी लाकडी क्रेट बनवत असतील, तर त्याच्या फळ्यांवर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडी पॅकिंग कीडमुक्त ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवलेलं आहे असा अर्थ. राजगडच्या चिखलाने भरलेले ट्रेकचे बूट ब्रशने तळव्याच्या खाचांपर्यंत धुवा, सायकलचे टायरही.

यादीत ‘किचन आयटम्स’

अशा मोघम नोंदीमुळे तपासणी वाढते. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, नाव-क्रमांक निदान दोन बाजूंना लिहा, आणि यादीत ‘खोकं 7: स्टीलचे डबे, कुकर, पोळपाट’ असं नेमकं लिहा. तिकडच्या कस्टम्ससाठी भरायच्या घोषणापत्रात लाकूड असेल तर ‘आहे’ म्हणा, लपवण्यात काही फायदा नाही. बारा महिन्यांहून जास्त काळ तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या वस्तूंना सहसा करमाफी मिळते. निघण्याआधी खास घेतलेला नवा मिक्सर त्यात बसत नाही, त्याचं बिल जवळ ठेवा. प्लग बदलला की तो तिकडे चालतो, अमेरिकेच्या 120 व्होल्टवर मात्र नाही.

पुस्तकं लहान खोक्यांत, वीस किलोच्या आत. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या लावा. पावसाळ्यात भरताना कपडे आणि गाद्या पूर्ण कोरड्या असू द्या. पदव्या, शाळेचे दाखले आणि दागिने सोबतच न्या.

विमा

स्वतः भरलेल्या खोक्यांतली फूटतूट पुष्कळ पॉलिसींमध्ये धरत नाहीत. क्रोकरी तरी पॅकर्सकडून भरून घ्या. ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ पॉलिसीत आहे का, तेही विचारा. जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांवर वाटला जातो, तो हा प्रकार. 2021 मध्ये सुएझ कालव्यात रुतलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या वेळी तो जाहीर झाला होता. तुमचं सामान धडधाकट असलं तरी हमी दिल्याशिवाय ते सुटत नाही.

अडकलंच तर

सामान तुमच्या आधी पोचू देऊ नका. मोफत साठवणुकीचे दिवस मोजकेच असतात, नंतर रोजचं गोदामभाडं चढतं. तपासणीत काही सापडलं, तर कीड मारण्याची प्रक्रिया करून घेणं, परत पाठवणं किंवा नष्ट करणं एवढेच पर्याय मिळतात, आणि खर्च तुमचाच. पुडीभर डाळीसाठी वाद घालत बसू नका, नष्ट करायला त्याच दिवशी लेखी संमती द्या. घरी आलेलं खोकं चेपलेलं किंवा ओलं असेल, तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहा, उघडायच्या आधी आणि नंतरही फोटो काढा, आणि दाव्याची मुदत पॉलिसीत बघून त्याच आठवड्यात कळवा.