रूट करायच्या आधी फोन संगणकाला दिसला पाहिजे

फोन रूट करायला, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवायला, बसलेली नवी मुलं प्रत्यक्ष रूटिंगच्या बरीच आधी अडकतात. बूटलोडर (फोन सुरू होताना अँड्रॉइडच्या आधी चालणारा प्रोग्राम) अनलॉक करायची परवानगी मिळालेली असते, मॅजिस्क या रूटिंगच्या ॲपने पॅच केलेली बूट इमेज फोल्डरमध्ये तयार असते, आणि संगणकावरच्या कमांडच्या काळ्या खिडकीत ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ ही ओळ येऊन जी थांबते ती थांबतेच. मग ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला फोनशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर, शोधायचा सपाटा सुरू होतो. मिळेल त्या साइटवरून मिळेल तो ‘ऑल इन वन’ ड्रायव्हर पॅक उतरवायचा, इन्स्टॉल करायचा, रीस्टार्ट करायचं, आणि परत तीच ओळ बघत बसायचं. आमच्या हॉस्टेलवर हे रात्र-रात्र चालायचं. आज मी एम्बेडेड क्षेत्रात काम करतो, तरी ज्युनियर मुलांचे निरोप येतात ते याच प्रश्नाचे. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी एक समजून घ्या. आपल्या हातात फोन एकच असतो, पण संगणकाला तो प्रत्येक मोडमध्ये वेगळं उपकरण म्हणून दिसतो. यूएसबीवर जोडलं जाणारं प्रत्येक उपकरण आपली ओळख दोन आकड्यांत सांगतं: व्हीआयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक आणि पीआयडी म्हणजे त्या उपकरणाचा. अँड्रॉइड चालू असताना फोन एक जोडी सांगतो, फास्टबूटमध्ये, म्हणजे बूटलोडरच्या मोडमध्ये, गेला की सहसा दुसरी, रिकव्हरी मोडमध्ये साइडलोड करताना (संगणकावरून फाइल चढवताना) आणखी एखादी. विंडोज त्या जोडीवरून ड्रायव्हर शोधतं. त्यामुळे ‘एडीबी चालतंय, म्हणजे ड्रायव्हर आहे’ हा निष्कर्ष काढू नका (एडीबी म्हणजे चालू अँड्रॉइडला संगणकावरून आज्ञा द्यायचं साधन). अलीकडच्या बहुतेक फोनमध्ये एडीबीसाठी विंडोज आपला विनयूएसबी ड्रायव्हर स्वतःच लावून घेतं, मुलांना वाटतं सगळं जमलं, आणि फोन फास्टबूटमध्ये गेला की खरी गोष्ट कळते.

मागे एका ज्युनियरच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. ‘एडीबी डिव्हायसेस’ दिलं की फोनचा सिरियल नंबर आणि पुढे ‘डिव्हाइस’ असं छान दिसायचं. ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ दिल्यावर फोनही आज्ञाधारकपणे फास्टबूटच्या पडद्यावर जायचा. पण ‘फास्टबूट डिव्हायसेस’ दिलं की काहीच नाही, रिकामी ओळ. विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर उघडलं. ‘अदर डिव्हायसेस’ खाली ‘अँड्रॉइड’ नावाची नोंद आणि तिच्यावर पिवळा त्रिकोण. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डीटेल्स’ टॅब, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. तिथे होतं व्हीआयडी १८डी१, पीआयडी डी००डी. १८डी१ हा गूगलचा क्रमांक. फोन गूगलचा नव्हता, पण फास्टबूटमध्ये बऱ्याच कंपन्यांचे फोन हीच ओळख सांगतात. ‘जनरल’ टॅबवर कोड २८ होता, म्हणजे ड्रायव्हरच नाही. एवढं वाचायला अर्धं मिनिट लागलं, आणि कुठला ड्रायव्हर हवा ते स्पष्ट झालं.

असा प्रसंग आला तर गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवरून ‘गूगल यूएसबी ड्रायव्हर’ उतरवा आणि झिप उघडून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या नोंदीवर ‘अपडेट ड्रायव्हर’ घ्या, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ निवडा. इथे नुसता फोल्डर दाखवून मोकळे होऊ नका. त्या ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (ड्रायव्हर कुठल्या उपकरणांसाठी आहे ते सांगणाऱ्या) मुख्यतः गूगलच्या स्वतःच्या फोनचे क्रमांक आहेत, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर विंडोज ‘सापडला नाही’ म्हणून मोकळं होतं. त्याऐवजी ‘लेट मी पिक’, मग ‘शो ऑल डिव्हायसेस’, मग ‘हॅव डिस्क’ आणि ती आयएनएफ फाइल. यादीतून ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ निवडा. विंडोज इशारा देईल की हा ड्रायव्हर जुळेलच असं नाही, ‘यस’ म्हणा. त्या दिवशी लगेच ‘फास्टबूट डिव्हायसेस’ला सिरियल नंबर आला.

जुन्या मार्गदर्शिकांत एक सल्ला हमखास असतो: आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून आपल्या फोनचा क्रमांक त्यात लिहा. तसं करू नका. त्या फाइलवर डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी सही मोडते आणि विंडोज ड्रायव्हर घ्यायला नकार देतं. मग पुढचा सल्ला येतो की सही तपासणंच बंद करा, म्हणजे ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन ७ दाबा. हा मार्ग खरा आहे, एका बूटपुरताच लागू असतो, आणि काही जुन्या ड्रायव्हरना तो लागतोही. पण लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्या वाटेवर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर फोन बाजूला राहील आणि लॅपटॉप उघडायची पंचाईत होईल. फास्टबूटसाठी ‘हॅव डिस्क’ने काम होत असताना त्या वाटेला जायची गरजच नाही. विंडोज अपडेटच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही डोकावा, कधी कधी बूटलोडरचा ड्रायव्हर तिथेच येऊन पडलेला असतो.

आता दुसरा प्रकार, आणि यात माणसं सर्वांत जास्त वेळ घालवतात. नोंदीचं नाव ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३. कंसात ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’. याचा अर्थ फोनने आपली ओळख सांगायच्या आतच बोलणं तुटलं. व्हीआयडीच मिळाला नाही तर ड्रायव्हर कशावरून शोधणार? इथे कितीही ड्रायव्हर इन्स्टॉल केले तरी उपयोग शून्य. केबल बदला, शक्यतो फोनबरोबर आलेली वापरा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडा. काही फोनचा फास्टबूट यूएसबी ३ च्या पोर्टवर नीट चालत नाही. रायझन प्रोसेसरच्या मशीनवर हे विशेष जाणवतं. कमांड दिली की फोनचा पडदा काळा होतो आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रेस एनी की टू शटडाउन’ येतं. हे दिसलं की समजा पोर्टचा प्रश्न आहे. लॅपटॉपला यूएसबी २ चं पोर्ट नसेल तर साधा, स्वस्त यूएसबी २ हब मध्ये लावा. मी तर हा हब बॅगेतच ठेवतो.

फोन जोडल्यावर नुसता चार्ज होतोय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पानही हलत नाही, असं असेल तर बहुधा केबलमध्ये डेटाच्या तारा नाहीत. पॉवर बँक, ट्रिमर, इअरबड्सच्या खोक्यातल्या केबली बऱ्याचदा अशा असतात.

एडीबीच्या बाजूला ‘अनऑथोराइज्ड’ आलं तर ड्रायव्हर ठीक आहे. फोनचा पडदा उघडा, परवानगीची चौकट वाट बघत असेल. चौकट येतच नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जुन्या सगळ्या परवानग्या रद्द करून केबल परत लावा. आणि ‘सर्व्हर व्हर्जन डझन्ट मॅच’ असं काही दिसलं तर मशीनवर एडीबीच्या दोन प्रती आहेत. फोन कंपनीचं पीसी सॉफ्टवेअर स्वतःची जुनी प्रत घेऊन येतं. ते बंद करा, ‘एडीबी किल-सर्व्हर’ द्या आणि गूगलचे ताजे प्लॅटफॉर्म टूल्स वापरा.

सॅमसंगवाल्यांची वाट वेगळी. तिथे फास्टबूट नाही, डाउनलोड मोड आणि ओडिन (फोनवर फाइली लिहिणारं पीसी सॉफ्टवेअर) आहे, आणि ड्रायव्हर सॅमसंगचाच लागतो. तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मोडेम्स’खाली दिसतो, म्हणून मुलं भलतीकडे शोधत बसतात. हाइमडाल हा ओडिनचा पर्याय वापरण्यासाठी झाडिग या साधनाने ड्रायव्हर बदलला असेल तर ओडिनला फोन दिसणार नाही. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हर पुसण्याच्या चौकोनात टिक करा आणि सॅमसंगचा ड्रायव्हर परत टाका.

नोंदीत व्हीआयडी ०ई८डी दिसला तर तो मीडियाटेक या चिप कंपनीचा. बंद फोन जोडल्यावर काही सेकंद एक पोर्ट दिसून गायब होतं, ते त्याचं प्रीलोडर (अगदी सुरुवातीला चालणारा प्रोग्राम); ते तसंच असतं, बिघाड नाही. व्हीआयडी ०५सी६, पीआयडी ९००८ दिसला तर फोन क्वालकॉमच्या आणीबाणीच्या मोडमध्ये आहे. तिथे एडीबी आणि फास्टबूटचे ड्रायव्हर चालत नाहीत. त्या मोडमध्ये चुकीची फाइल टाकली तर फोन परत आणणं फार अवघड, म्हणून अनुभवी माणूस बरोबर असल्याशिवाय हात लावू नका.

लिनक्सवर ड्रायव्हरची भानगड नाही, पण ‘नो परमिशन्स’ येतं. उबंटूवर यूडेव्ह नियमांचं (उपकरण कोणाला वापरता येईल ते ठरवणाऱ्या) तयार पॅकेज आहे, ते टाकून केबल परत लावली की पुरतं. व्हर्च्युअल मशीनमधून मात्र फ्लॅश करू नका, म्हणजे फोनवर इमेज लिहू नका. फोनने मोड बदलला की त्याची ओळख बदलते आणि तो निसटून मुख्य मशीनकडे जातो, तेही कधी कधी ऐन फ्लॅशच्या मध्यावर.

आणि हे सगळं जुळलं तरी अनलॉकच्या आधी बॅकअप घ्या. बूटलोडर अनलॉक केला की फोन पुसला जातो. रूटनंतर यूपीआय आणि बँकेची ॲप्स अडून बसू शकतात, तेव्हा रोजच्या व्यवहाराच्या एकुलत्या एका फोनवर शिकू नका. घरातला जुना फोन घ्या.

हे शिकणं वाया जात नाही, हे मला मनापासून सांगायचंय. कामावर नवा बोर्ड टेबलावर येतो तेव्हा पहिली पायरी हीच असते. आर्डुइनो या बोर्डची स्वस्त नक्कल (क्लोन) जोडली आणि पोर्ट आलं नाही, तर मी आयडी बघतो. १ए८६, ७५२३ दिसलं की ती सीएच३४० चिप, तिचा ड्रायव्हर टाकायचा. मुलाखतीत ‘यूएसबी उपकरण ओळखलं कसं जातं’ असं विचारलं तर तुमच्याकडे सांगायला स्वतः पाहिलेलं काहीतरी असतं.

तरीही अडलात तर विचारा, पण ‘फोन डिटेक्ट होत नाही’ एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती, फोन कुठल्या मोडमध्ये आहे, डिव्हाइस मॅनेजरमधलं नोंदीचं नाव, हार्डवेअर आयडी आणि एरर कोड एवढं पाठवा. फोनचा सिरियल नंबर आणि आयएमईआय मात्र झाकून.