खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात? या चुका टाळा

नेलपॉलिशचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. कानातल्याच्या दांडीला पारदर्शक नेलपॉलिश लावलं की झालं, असं जो तो सांगतो. थर शाबूत असतो तोवर ठीक. पण दांडी भोकात घासते, घाम येतो, कुठेतरी टवका उडतो आणि तेवढ्याशा फटीतून निकेल, म्हणजे खोट्या दागिन्यांतला ॲलर्जी आणणारा धातू, सुटायला लागतं. लावायचंच तर दर एक-दोन वापरांनंतर जुना थर पुसून नवा लावा. एवढा धीर असणारी माणसं मुळात या उपायाकडे वळत नाहीत. शिवाय काहींना नेलपॉलिशचीच ॲलर्जी असते!

दुसरी चूक मी स्वतः केली. शनिवारी कानातले घातले, रात्री काढून ठेवले. सोमवारी पाळीला खाज, पुरळ, मग त्यातून लस वाहू लागली. दागिना तर डबीत होता, म्हणून मी शाम्पूला दोष दिला. शाम्पू बदलला, साबण बदलला, तेल बदललं. तीन महिने हेच. शेवटी बेंबीखाली जीन्सच्या बटणाएवढा गोल चट्टा उठला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: बटणातही निकेल असू शकतं. निकेलची ॲलर्जी लगेच बोलत नाही. 12 ते 72 तास घेते. म्हणून पुरळ उठलं की मी आधीचे तीन दिवस आठवते. खात्री हवी तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते, म्हणजे संशयित पदार्थ पट्ट्यांनी त्वचेला लावून ॲलर्जी तपासतात. पाठीवरच्या पट्ट्या 48 तास ठेवायच्या, मग एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला जायचं. हा दुसरा फेरा बरेच जण चुकवतात आणि मग टेस्टलाच नावं ठेवतात.

‘इतकी वर्षं घालतेय, काही झालं नाही’ हे कारण चालत नाही. ॲलर्जी कधीही जडते, आणि जडली की सहसा जन्मभर राहते.

सोन्याचा मुलामा म्हणजे सोनं नव्हे. झिजला की खालचा धातू त्वचेला लागतो. पांढऱ्या सोन्यातही निकेल असू शकतं.

‘हायपोॲलर्जेनिक’ (ॲलर्जीची शक्यता कमी) या शब्दावर विसंबू नका. युरोपात निदान आकडा ठरलेला आहे: टोचलेल्या भागातल्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर 0.2 मायक्रोग्रॅमहून कमी निकेल सुटायला हवं. ताज्या टोचलेल्या कानात मी फक्त टायटॅनियम घालू देते.

घरात सापडलेली स्टेरॉइडची ट्यूब चोळत बसू नका. पू, ताप, पसरती सूज असेल तर सरळ डॉक्टर गाठा.

मी निकेल तपासायच्या द्रावणाची बाटली घरात ठेवते. कापसाचा ओला बोळा दांडीवर घासायचा. गुलाबी झाला की ते कानातलं परत.