आरोग्याच्या गरजांचा रिपोर्ट किती दिवसांनी काढायचा?

स्थानिक आरोग्य ऑफिसात हा प्रश्न आला की पहिलं कोण काय करतं, तर मागची फाईल काढून बघतं, मागच्या वेळी तीन वर्षांनी काढला होता ना, मग आताही तीन. माझं म्हणणं असं की एकच आकडा शोधूच नका, आधी बघा कुठली गोष्ट किती वेगाने बदलते आणि तिच्यावर निर्णय कधी होतो, तारीख तिथूनच निघते.

मोठा रिपोर्ट, म्हणजे सर्व्हे, लोकांशी बैठका, दवाखान्यांचे आकडे, पाणी, घरं, रोजगार, सगळं एकत्र बघणारा, तो ३ ते ५ वर्षांनी पुरे. अमेरिकेत ना-नफा हॉस्पिटलांना करसवलत टिकवायला दर ३ वर्षांनी हे करावंच लागतं, २०१० च्या कायद्यापासून, नाही केलं तर ५० हजार डॉलरचा कर बसू शकतो. तिथेच सरकारी आरोग्य विभागांना मानांकन हवं असेल तर ५ वर्षांची मुदत चालते. म्हणजे एकाच गावात हॉस्पिटल एका घड्याळावर आणि आरोग्य विभाग दुसऱ्याच, आणि लोकांना मात्र तेच प्रश्न दोनदा विचारले जातात. तुमच्याकडे असं होत असेल तर आधी दोघांनी बसून तारखा जुळवा, निम्मं काम तिथेच वाचतं.

आता दरवर्षी का नको? कारण छोट्या वस्तीचे आकडे उड्या मारतात. समजा वर्षाला ४०० जन्म होतात. एका वर्षी २ बाळं दगावली, बालमृत्यू दर झाला हजारी ५. पुढच्या वर्षी ५ दगावली, दर थेट १२.५. रिपोर्टात लिहाल 'अडीच पट वाढ', बातमी होईल, साहेब घाम पुसतील, आणि तिसऱ्या वर्षी परत ३ झाली की 'मोठी सुधारणा' म्हणून हार-तुरे. खरं तर दोन्ही वेळा फार काही बदललेलं नसू शकतं. पाच वर्षांचे २००० जन्म एकत्र घ्या आणि मग दर काढा, तो जरा भरवशाचा. पण याचा अर्थ ती ५ बाळं पाच वर्षं फाईलीत ठेवायची असा नाही हां! प्रत्येक मृत्यूची चौकशी लगेच व्हायला पाहिजे, ते काम रिपोर्टाची वाट बघत नाही.

साथीचं गणित तर वेगळंच. तापाचे, जुलाबाचे, गोवराचे पेशंट दर आठवड्याला मोजायचे, संशय आला तर त्याच दिवशी फोन. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत तर इतर देशांनाही धोका ठरू शकेल अशी घटना आहे असं ठरल्यापासून २४ तासांत त्या देशाच्या सरकारला जागतिक आरोग्य संघटनेकडे कळवावं लागतं. लसीकरण, बाळंतपणं वगैरे महिन्याला बघितलं तरी भागतं. मधुमेह, तंबाखू, लठ्ठपणा हे दर महिन्याला मोजून काही हाती लागत नाही, माणसांच्या सवयी महिन्यात बदलत नाहीत.

मग मधल्या वर्षांत काय? चार पानी अपडेट, बास. मोठ्या रिपोर्टात ज्या चार-पाच गरजा ठरल्या त्यांचंच काय झालं ते लिहायचं, नवीन विषय घुसवायचे नाहीत. साथ, पूर, मोठा कारखाना बंद पडणं, एकमेव दवाखाना उठणं असं काही झालं तर मात्र मुदत बाजूला ठेवा आणि तेवढ्याच भागाचं परत बघा.

सगळ्यात जास्त घोळ तारखेत होतो. मी एका ठिकाणी या कामात होतो तिथे रिपोर्ट छापून आला तो बजेट मंजूर झाल्यावर तीन आठवड्यांनी, छान रंगीत होता, कपाटात गेला. म्हणून कॅलेंडर उलटं मोजा. बजेटची मंजुरी कधी ते लिहा, त्याच्या तीन महिने आधी रिपोर्ट हातात हवा, त्याआधी आकडे साफ करायला दोन-तीन महिने (नेहमी जास्तच लागतात), त्याआधी सर्व्हे आणि बैठका, म्हणजे साधारण वर्षभर आधी सुरुवात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने हे मस्त बांधून टाकलंय, स्थानिक कौन्सिलची निवडणूक झाली की १२ महिन्यांत आरोग्य आराखडा करायचा आणि मग दरवर्षी तपासायचा. नवीन माणसं निवडून आली की त्यांच्या हातात त्यांच्याच काळातला कागद.

आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठल्या वर्षाचा ते लिहा, रिपोर्टाचं नाही, आकड्याचं वर्ष. कव्हरवर यंदाचं साल आणि आत चार वर्षांपूर्वीचा सर्व्हे हे इतकं सर्रास चालतं की वाचणारा बिचारा ते आजचंच समजतो. अपडेटमध्ये एक रकाना 'ठरवलं होतं पण झालं नाही' असाही ठेवा, आणि वरच्यांनी तो काढायला सांगितला तर निदान बैठकीच्या इतिवृत्तात तरी त्याची नोंद करून घ्या.