इंजेक्टर खराब झालाय असं ठरवण्याआधी या चुका टाळा

गाडी मिसिंग मारायला लागली, आयडलला (रेस न देता उभी असताना) थरथरायला लागली, पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडलं की पहिलं नाव निघतं ते इंजेक्टरचं, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाचं. मग कुणी म्हणतं क्लीनिंग करून घे, कुणी म्हणतं सरळ बदलून टाक, आणि पूर्ण सेट बदलून झाला तरी गाडी आपली तशीच थरथरत उभी असते. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. तीन नंबर सिलिंडर नीट पेटत नसल्याचा मिसफायर कोड स्कॅनरवर येत होता, चारही इंजेक्टर नवे टाकले, दोन दिवस गाडी एकदम मस्त चालली आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी सापडलं काय, तर तीन नंबरच्या कनेक्टरच्या दोन बोटं मागे वायर आतून तुटलेली होती, वरचं आवरण मात्र धडधाकट, त्यामुळे बघून काही कळतच नव्हतं. काढघाल करताना वायर हलली, तात्पुरती टेकली, म्हणून ते दोन दिवस बरे गेले. तेव्हापासून एक गोष्ट पक्की केलीय, इंजेक्टर हा सगळ्यात शेवटी दोषी ठरवायचा, आधी बाकीचे सगळे सुटले पाहिजेत.

कोड न लिहिता पुसून टाकणं

स्कॅनर लावला, कोड दिसला, लगेच डिलीट, "बघू परत येतोय का". ही सवय सोडा. कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाचा डेटा सेव्ह झालेला असतो, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिन गार होतं का गरम, लोड किती होता. हे सगळं पुसलं की गेलं. आधी फोटो काढून ठेवा, पेंडिंग (अजून पक्का न झालेल्या) कोडचा पण.

आणि कोड नीट वाचा हो. पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टरच्या सर्किटचे कोड आहेत, म्हणजे वायर, कनेक्टर, इंजेक्टरच्या आतली कॉइल किंवा ईसीयूमधला (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला) इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर, इलेक्ट्रिकल बाजू. यात कचरा अडकल्याचा संबंध नाही, त्यामुळे हा कोड आल्यावर क्लीनिंग करून काही होणार नाही. पी०३०१, पी०३०२ वगैरे फक्त एवढंच सांगतात की अमुक सिलिंडर नीट पेटत नाहीये, का पेटत नाहीये ते सांगत नाहीत. माझ्या केसमध्ये पी०२०३ एकदा येऊन गेला होता, पण तोवर मी दोनदा सगळं पुसलं होतं त्यामुळे तो माझ्या लक्षातच आला नाही, नाहीतर वायरपर्यंत पहिल्याच दिवशी पोचलो असतो.

"लीन दाखवतंय म्हणजे इंजेक्टर चोक"

लीन म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि चोक म्हणजे घाणीने अडकलेला. हा निष्कर्ष ही सगळ्यात मोठी गफलत, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो धुरातला ऑक्सिजन मोजतो. आता समजा एका सिलिंडरचा प्लग किंवा त्याला ठिणगीची वीज देणारी इग्निशन कॉइल गेलीय. पेट्रोल बरोबर पडलं, हवा बरोबर आली, पण ठिणगीच नाही. मग ती सगळी हवा न वापरता तशीच एक्झॉस्टमध्ये गेली, सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसला आणि त्याने ईसीयूला सांगितलं की मिश्रण लीन आहे. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं तो आकडा) प्लसमध्ये, लीनचा कोड पी०१७१ पण येऊ शकतो, आणि बघणारा म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, इंजेक्टर चोक आहे. प्रत्यक्षात दोष ठिणगीचा. ओळखायची एक खूण आहे, स्कॅनर लीन म्हणतोय पण सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, तर आधी इग्निशन बघा.

दुसरी फसवणूक करते ती हवेची गळती. इनटेकचं गॅस्केट, एखादा चिरलेला व्हॅक्यूम पाइप, इथून न मोजलेली हवा आत येते आणि ट्रिम प्लसमध्ये जातात. यातला फरक ओळखायला फार काही लागत नाही, साधा स्कॅनर पुरतो. गाडी पूर्ण गरम करा, आयडलला शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (ईसीयूने हळूहळू शिकलेली) ट्रिमची बेरीज बघा, मग २५०० आरपीएमला धरून परत बघा. आयडलला २० टक्के आणि वर गेल्यावर ५ च्या आसपास असेल तर हवा शिरतेय, कारण आयडलला एकूण हवाच कमी असते त्यामुळे तेवढीशी गळती पण मोठी दिसते. उलट आयडलला ठीक आणि लोडवर, चढाला, जोरात रेस दिल्यावर ट्रिम वाढत चालली तर पेट्रोल पुरत नाहीये. पण पुरत नाहीये म्हणजे इंजेक्टरच असंही नाही, फ्युएल पंप, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर हे पण तिथेच आहेत, आणि आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळलेला असेल तरी अगदी असंच दिसतं. म्हणून प्रेशर गेज लावल्याशिवाय पुढे जायचंच नाही. साध्या पोर्ट इंजेक्शनला (पेट्रोल इनटेकमध्ये, व्हॉल्व्हच्या आधी फवारतात त्याला) साधारण ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. प्लस-मायनस १० टक्क्यांच्या आतली ट्रिम असेल तर उगाच मागे लागू नका.

अजून एक, चारमधला एकच इंजेक्टर अर्धवट चोक असेल तर ईसीयू सरासरी सांभाळायला सगळ्यांनाच जास्त पेट्रोल देतो. मग प्लग काढल्यावर तीन काळसर आणि एक पांढरट दिसतो, आणि लोक तीन काळ्यांच्या मागे लागतात. खरा रुग्ण तो पांढरा असतो.

एकदम दोन-तीन गोष्टी बदलणं

प्लग पण नवे, कॉइल पण नवी, इंजेक्टर पण क्लीन, सगळं एकाच दिवशी. गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि नाही झाली तर अजूनच गोंधळ. त्यापेक्षा अदलाबदल करा. तीन नंबर मिसिंग असेल तर त्याची इग्निशन कॉइल दोन नंबरला लावा आणि गाडी चालवून बघा. मिसफायर दोनवर गेला तर कॉइल. नाही गेला तर प्लग बदलून बघा. तरी तीनवरच राहिला तर कॉम्प्रेशन तपासा, कारण व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर तुम्ही सोन्याचा इंजेक्टर लावा, सिलिंडर पेटणार नाही. हे सगळं सुटल्यावर मग इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरला हलवायचा. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत मात्र इंजेक्टर सहज म्हणून काढू नका, काढला की त्याचं सील नवीनच टाकावं लागतं.

टिकटिक ऐकू येते म्हणजे इंजेक्टर ठीक

लांब स्क्रू ड्रायव्हर इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावायची ही जुनी पद्धत, चांगली आहे, मी पण वापरतो. पण टिकटिक म्हणजे आतली सुई हलतेय एवढंच. पेट्रोल किती पडतंय, फवारा होतोय का नुसती धार पडतेय, हे आवाजावरून कळत नाही. मल्टीमीटरचंही तसंच. पोर्ट इंजेक्शनचे बहुतेक इंजेक्टर गार असताना साधारण १२ ते १६ ओहमचे असतात, चारही जवळपास सारखे आले तर त्यांच्या आतली कॉइल ठीक, बाकी काही सिद्ध होत नाही. शिवाय काही कॉइल गार असताना बरोबर दाखवतात आणि गरम झाल्या की तुटतात, त्यामुळे गरम इंजिनवरच मिसिंग होत असेल तर रीडिंगही गरम असतानाच घ्या. नॉइड लाइट (कनेक्टरला लावायचा छोटा तपासणी दिवा) लुकलुकला तरी कनेक्टरपर्यंत सिग्नल आला एवढंच कळतं, कमकुवत जोडातूनही तो लुकलुकतो.

कोण किती पेट्रोल सोडतोय हे बघायचं असेल तर बॅलन्स टेस्ट. रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) प्रेशर भरायचं, पल्सर यंत्राने एकेका इंजेक्टरला ठरलेल्या वेळेपुरतं उघडायचं आणि प्रत्येक वेळी प्रेशर किती पडलं ते लिहायचं. ज्याचं सगळ्यात कमी पडलं तो चोक, ज्याचं जास्त पडलं तो जास्त सोडतोय. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं म्हणून एकच टेस्ट परत परत करू नका, मधे इंजिन चालवून घ्या. अजून खात्री हवी तर काढून बेंचवर फवारा आणि माप बघणं हाच उपाय.

चालू इंजिनवर कनेक्टर किंवा प्लगची वायर ओढणं

कुठला सिलिंडर काम करत नाही हे बघायला लोक चालू गाडीत प्लगची वायर काढतात. त्याने शॉक बसू शकतो, कॉइल जाऊ शकते आणि न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, कायमचा खराब पण होतो. साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर थोड्या वेळापुरता काढा, पेट्रोलच बंद होतं. ज्याचा काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडला नाही तो सिलिंडर आजारी.

पण हेच पायझो इंजेक्टरवर (कॉइलऐवजी विजेने फुगणाऱ्या क्रिस्टलने उघडणाऱ्या) चालू इंजिनमध्ये कधीही करायचं नाही. तो चार्ज झालेल्या अवस्थेत सुटला तर उघडाच राहू शकतो आणि इंधन सिलिंडरमध्ये ओतत राहतो, इंजिन तुटेपर्यंत गोष्ट जाते. डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शनला ही टेस्ट स्कॅनरमधूनच करा.

गरम असताना स्टार्ट होत नाही, म्हणून लगेच पंप बदलणं

गार गाडी पटकन चालू होते, पण अर्धा तास उभी करून परत सेल्फ मारला की खूप वेळ घेते आणि चालू होताना काळा धूर, पेट्रोलचा वास. हे गळक्या इंजेक्टरचं लक्षण असू शकतं, गाडी बंद असताना थेंब थेंब आत पडत राहतात. गेज लावा, पंप चालून प्रेशर भरलं की बंद करून बघत बसा. प्रेशर लगेच पडायला लागलं तर तीन संशयित आहेत, पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि इंजेक्टर. रबरी पाइप असेल तर पंपाकडून येणारा पाइप क्लॅम्पने हलकेच दाबा, पडणं थांबलं तर दोष पंपाकडे. रिटर्नचा, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप दाबल्यावर थांबलं तर रेग्युलेटर. दोन्ही दाबूनही पडतंय तर इंजेक्टर. कडक प्लास्टिकचे पाइप दाबू नका, चिरतात.

गळका सापडला तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची लेव्हल वाढली असेल, पेट्रोलचा वास असेल तर इंजेक्टरसोबत ऑइल आणि फिल्टर पण बदला. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातात.

डिझेलमध्ये पाइप सैल करून बघणं

जुन्या डिझेल इंजिनांना चालू असताना इंजेक्टरचा पाइप सैल करून मिसिंग शोधायचे. कॉमन रेलवर (एकाच नळीत खूप प्रेशरने डिझेल साठवून सगळ्या इंजेक्टरना देणाऱ्या आताच्या डिझेलवर) हे जिवावर बेतू शकतं. तिथे आयडललाच २५० ते ३०० बारच्या आसपास प्रेशर असतं आणि लोडवर १६०० च्याही वर जातं, ती बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं पण आत डिझेल पसरतं, अशा वेळी वाट न बघता ताबडतोब दवाखाना. गळती हाताने चाचपडून शोधू नका, पुठ्ठा धरा.

डिझेलला रिटर्न टेस्ट करा, म्हणजे इंजेक्टरमधून परत टाकीकडे जाणारं डिझेल मोजा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या आणि बाटल्या लावायच्या, ठरलेला वेळ इंजिन चालवायचं आणि कुणाच्या बाटलीत जास्त आलं ते बघायचं. स्टार्टिंग ट्रबल असेल तर सेल्फ मारतानाही माप घ्या. जास्त रिटर्न म्हणजे आतली झीज. पण रिटर्न बरोबर आलं तरी नोझलचं टोक खराब असू शकतं, त्यासाठी स्कॅनरमधली सिलिंडरवार करेक्शन व्हॅल्यू (ईसीयू त्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त करतोय) बघावी लागते.

क्लीनिंग आणि फिटिंग

नोझलच्या भोकात टाचणी घालू नका, भोक वाकडं झालं की फवारा गेला. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊन उघडून धरू नका, कमी ओहमचा इंजेक्टर काही क्षणात जळतो. टाकीत टाकायचं क्लीनर हलक्या घाणीला उपयोगी पडतं, अडकलेल्या किंवा गळक्या इंजेक्टरला नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे टाकीतल्या क्लीनरने व्हॉल्व्हवरचा कार्बन जाईल ही अपेक्षा ठेवू नका.

परत बसवताना ओ-रिंग नव्याच, त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा, सिलिकॉन ग्रीस नको. डायरेक्ट इंजेक्शनचं टेफ्लॉन सील मात्र कोरडंच बसवतात. डिझेलला खालचा तांब्याचा वॉशर नवा टाका आणि जुना खाली चिकटून राहिला नाही ना ते टॉर्च मारून बघा, दोन वॉशर एकावर एक बसले तर कॉम्प्रेशन बाहेर येतं. इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर फिट करण्याआधीच फोटो घ्या आणि स्कॅनरने ईसीयूत भरा, नाहीतर नवा इंजेक्टर टाकूनही आयडल खराबच राहील. पेट्रोल गाडीत सेल्फ मारण्याआधी दोन-तीनदा नुसती किल्ली ऑन करून रेलमध्ये प्रेशर भरू द्या आणि प्रत्येक ओ-रिंगपाशी टॉर्च मारून ओल दिसते का बघा, कुठेही ओलं दिसलं तर स्टार्ट करायचं नाही.