मेल जात नाही? सेटिंग्जना हात लावण्याआधी या चुका टाळा

मेल जात नाही म्हटलं की आपल्याकडे निदानं दोनच. पावसाळा असेल तर "नेट गेलं असेल" आणि एरवी "पासवर्ड बदलून बघ". यातल्या दुसऱ्या उपायाने बहुतेक वेळा दुखणं वाढतं. तेच अकाउंट घरातल्या तीन फोनांवर असतं, ते तिन्ही नवा पासवर्ड मागायला लागतात, ओटीपी मुंबईतल्या मुलाच्या नंबरवर जातो, तो मीटिंगमध्ये असतो, आणि मूळ मेल आहे तिथेच.

म्हणून काहीही बदलण्याआधी एवढंच बघा, की मेल अडकलाय कुठे. आउटबॉक्समध्ये पडून असेल तर तो तुमच्या घरातून निघालेलाच नाही. 'मेलर-डीमन' अशा नावाने इंग्रजी पत्र परत आलं असेल तर तो निघाला, पण पुढे कुणीतरी नाकारला. आणि सेंटमध्ये दिसतोय पण समोरचा म्हणतो आला नाही, तर तुमचं मशीन बहुधा ठणठणीत आहे, उगाच त्याला उघडून बसू नका. घरच्या कॉम्प्युटरच्या ज्या तक्रारी कानावर येतात, त्यांतल्या निम्म्या तरी एवढं बघितल्यावर सोप्या होतात.

कॉम्प्युटर चालू, डबा बंद

बऱ्याच घरांत इन्व्हर्टरची जोडणी दोन-तीन खोल्यांपुरतीच असते. फायबरचा डबा (नेटचा राउटर) मात्र वायर जिथून आत आली तिथे, म्हणजे पडवीत किंवा खिडकीपाशी. लाईट गेली की कॉम्प्युटर सुरू राहतो आणि डबा मरतो. स्क्रीन उजळलेली दिसते म्हणून माणूस सेंड दाबत राहतो, मग तोच मजकूर नव्याने लिहून परत दाबतो. आउटलूकसारख्या प्रोग्रॅममध्ये हे सगळे मेल आउटबॉक्समध्ये साठतात आणि लाईट आल्यावर एकदम सुटतात. बँकेच्या मॅनेजरला एकच अर्ज चारदा. जीमेल ब्राउझरमध्ये उघडून लिहीत असाल तर मजकूर ड्राफ्टमध्ये आपोआप जपला जातो, तेव्हा पुन्हा लिहिण्याआधी तिथे डोकवा. आणि डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. वीस फुटांच्या वायरचं काम आहे.

डबा चालू आहे पण त्यावरचा 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकतोय, याचा अर्थ फायबरमधून सिग्नलच येत नाही. फांदी पडून केबल तुटली असेल, रस्त्याच्या खोदाईत गेली असेल, नाहीतर डब्यामागची बारीक वायर कपाट सरकवताना मुडपली असेल. अशा वेळी कॉम्प्युटर दहादा रीस्टार्ट करून काही होत नाही. केबलवाल्याला फोन करा आणि "नेट चालत नाही" असं न सांगता "एलओएस लाल आहे" असं सांगा. माणूस लवकर येतो.

दिवे सगळे हिरवे असतील तर फोनचं हॉटस्पॉट लावून तोच मेल पाठवून बघा. गेला, तर दोष राउटर किंवा लाईनीत. नाही गेला, तर दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा अकाउंटमध्ये. आउटलूकमध्ये चुकून 'वर्क ऑफलाइन' दाबलं गेलंय का, हेही याच वेळी बघून घ्या.

घड्याळ मागे पडलंय का?

ही चूक कुणाच्या ध्यानीमनी नसते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ त्याच्या जिवावर चालते. गणपतीला किंवा मे महिन्यातच उघडणाऱ्या घरात मेन स्विच महिनोन्‌महिने बंद असतो, सेल संपतो, आणि आल्यावर कॉम्प्युटर लावला की तारीख कित्येक वर्षं मागची. पुढची गंमत अशी, की जीमेलसकट सगळ्या सुरक्षित साइट्स एक सर्टिफिकेट दाखवतात आणि त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं. मग ब्राउझर लाल पडदा दाखवतो, 'कनेक्शन सुरक्षित नाही', आणि आपण ठरवतो की व्हायरस शिरला.

कधीकधी मेल जातोही, पण मेल प्रोग्रॅम त्यावर तारीख आपल्याच कॉम्प्युटरची टाकतो. समोरच्याचा इनबॉक्स पाठवल्याच्या तारखेनुसार लावलेला असेल तर तुमचा आजचा मेल तळाशी, जुन्या मेलच्या ढिगात जाऊन बसतो. तो शपथेवर सांगतो आला नाही, तुम्ही शपथेवर सांगता पाठवला, आणि दोघंही खरं बोलत असतात.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ उघडा, वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा, 'सिंक नाऊ' दाबा. मेन स्विच बंद करून पुन्हा लावल्यावर तारीख परत मागे गेली तर सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढल्याशिवाय मात्र कॉम्प्युटरचा डबा उघडू नका.

पत्ता: जसा छापला तसा

सरकारी साइटवर मेलचे पत्ते बऱ्याचदा चौकोनी कंसात ॲट आणि चौकोनी कंसात डॉट असे शब्दांत लिहिलेले असतात. यंत्रं साइटवरून पत्ते गोळा करून त्यांवर कचरा पाठवतात, ते टाळण्यासाठी हा बंदोबस्त. पण शेजारच्या काकांना हे कोण सांगणार?

"मेल जाणा नाय रे. सरकारचोच पत्तो चुकीचो आसा."

"काका, कंस पण टाकलेत?"

"मग? जसो छापलो हा, तसोच लिवलंय मी!"

कंस आणि शब्द काढून त्यांच्या जागी ॲटची खूण आणि टिंब टाकायचं. आणि ही खूण उमटतच नसेल, शिफ्ट आणि २ दाबल्यावर भलतंच काही येत असेल, तर कीबोर्ड मराठीवर राहिलाय. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबा, इंग्रजीवर या. पत्त्यातले आकडेही इंग्रजीच हवेत, देवनागरी चालत नाहीत.

बाकी नेहमीचे यशस्वी कलाकार: 'डॉट कॉम'चं 'डॉट कॉन', टिंबाच्या जागी स्वल्पविराम, कॉपी करताना शेवटी चिकटून आलेला पूर्णविराम. आणखी एक म्हणजे आपोआप सुचवलेला पत्ता. दोन अक्षरं टाकली की कॉम्प्युटर जुना, बंद पडलेला पत्ता पुढे करतो आणि आपण एंटर मारतो. गुगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट काढून टाकू शकतं, तेव्हा पूर्वी चालणारा पत्ता आज चालेलच असं नाही. याउलट जीमेलच्या पत्त्यात ॲटच्या आधी टिंब आहे की नाही यावर वाद घालू नका. जीमेल ती टिंबं मोजतच नाही.

परत आलेलं इंग्रजी पत्र न वाचता डिलीट करणं ही माझ्या मते सगळ्यांत महागाची चूक. पोस्टमनने 'पत्ता अपूर्ण' शेरा मारून पाकीट परत आणावं, तसंच ते असतं. शेरा त्यातच लिहिलेला असतो. त्यातला तीन आकडी कोड शोधा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर (मेल पोचवणारा कंपनीचा कॉम्प्युटर) पुन्हा प्रयत्न करतो, तुम्ही थांबा. ५ ने सुरू होत असेल तर तसाच पुन्हा पाठवून उपयोग नाही. ५५० बहुधा पत्ता अस्तित्वात नसल्याचं सांगतो, ५५२ म्हणजे बहुधा समोरची मेलपेटी भरली किंवा मेल फार जड झाला, ५३५ म्हणजे तुमचं लॉगिन नाकारलं. त्या पत्राला उत्तर देऊ नका, पलीकडे माणूस नसतो.

जड मेल

तारकर्लीत होमस्टे चालवणाऱ्या ताईंकडे पुण्याची मंडळी खोल्यांचे फोटो मागतात. फोनचा एकेक फोटो चार-पाच एमबी, असे दहा जोडले की झाले चाळीस-पन्नास. जीमेलची हद्द २५ एमबी. त्यातही मेलमधून जाताना फाइल साध्या अक्षरांत बदलली जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून बावीस एमबीची फाइल जोडली गेली तरी समोरचा सर्व्हर ती नाकारू शकतो. पंधराच्या आत राहिलात तर कटकट नाही. फोटो पेंटमध्ये उघडून रीसाइझ करून निम्मा करा. मोबाइलवर बघणाऱ्या पाहुण्याला फरक कळत नाही. फोटो गुगल ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवणार असाल तर 'लिंक असलेल्या कुणालाही' बघण्याची परवानगी द्या, नाहीतर तो 'ॲक्सेस द्या' म्हणत बसतो. आधारकार्डासारखी कागदपत्रं मात्र अशा उघड्या लिंकवर ठेवू नका.

कागदपत्रांत आणखी एक उलटा कारभार चालतो. डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफमध्ये उतरवायचा, प्रिंट काढायची, ती रंगीत ६०० डीपीआयला (म्हणजे फार बारकाव्याने) स्कॅन करायची आणि ती पंधरा एमबीची फाइल मेलला जोडायची! मूळ पीडीएफ काही केबींची असते आणि डिजिटल सही तिच्यातच असते. स्कॅन केल्यावर उरतं ते सहीचं चित्र. मूळ फाइलच पाठवा. स्कॅन करावंच लागलं तर काळा-पांढरा आणि २०० डीपीआय पुरे.

समोरच्याची पेटी भरते तशी आपलीही भरते. गुगलच्या फुकट अकाउंटला १५ जीबी जागा असते आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांत मिळून. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. म्हणजे नातवाच्या बारशाच्या व्हिडिओमुळे आजोबांचा पेन्शनचा मेल अडू शकतो. जागा करताना बिन म्हणजे कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करा, नाहीतर काढलेलं तिथेच पडून राहतं.

"मेल येतात, मग जात का नाहीत?"

ब्राउझरऐवजी आउटलूक किंवा थंडरबर्ड वापरणाऱ्यांचा हा प्रश्न. कारण येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा आहे. येणारा मेल आयमॅप किंवा पॉपने येतो, जाणारा एसएमटीपीने जातो. दोघांचे सर्व्हर, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर), लॉगिन स्वतंत्र भरलेले असतात. नेट कंपनी बदलली आणि जाणाऱ्या मेलच्या खान्यात जुन्या कंपनीचा सर्व्हर राहिला, तर येणं चालू आणि जाणं बंद. पोर्टच्या जागी २५ असेल तर तोही बदला, स्पॅम म्हणजे कचरा मेल रोखायला बऱ्याच नेट कंपन्या तो अडवतात. जीमेलसाठी ५८७ ला स्टार्ट-टीएलएस किंवा ४६५ ला एसएसएल, ही सुरक्षित जोडणीची नावं. आणि 'आउटगोइंग सर्व्हरला लॉगिन लागतं' या खुणेवर टिक हवी.

प्रोग्रॅम फार जुना असेल तर पासवर्ड बरोबर असूनही चूक ठरतो. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक अकाउंटसाठी नुसत्या पासवर्डने होणारं लॉगिन बंद करायला घेतलं. नवा थंडरबर्ड गुगलच्या पानावर नेऊन लॉगिन करवतो, ते उत्तम. तसं जमत नसेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड (त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड) घ्या आणि तो भरा. विंडोजबरोबर येणारं जुनं 'मेल' ॲप वापरत असाल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका: मायक्रोसॉफ्टने ते २०२४ च्या अखेरीस बंद केलं आहे. ब्राउझर उघडा.

हापूसची यादी आणि स्पॅम

सीझनला बागायतदार गेल्या वर्षीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम भावपत्रक धाडतात. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे. ती ओलांडली की चोवीस तासांपर्यंत पाठवणं बंद, आणि त्यात एका आंबापेटीची खरी ऑर्डरही अडकते. यादी तुकड्यांत पाठवा, पत्ते बीसीसीत टाका म्हणजे गिऱ्हाइकांचे पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत. विषयाची ओळ रिकामी ठेवून नुसता फोटो पाठवला तर मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. समोरच्याला फोन करून स्पॅम बघायला सांगा, तिथे 'नॉट स्पॅम' दाबायला सांगा आणि एक ओळीचं उत्तर मागवा. पुढच्या वेळी तुमचा मेल सरळ जाण्याची शक्यता वाढते.

नेटवरचा 'कस्टमर केअर' नंबर

काहीच जमेना म्हणून जीमेलचा हेल्पलाइन नंबर शोधू नका. फुकट जीमेलला फोनवरची मदत नाहीच, त्यामुळे सापडलेला नंबर लुटारूंचाच समजा. पलीकडचा गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप घालायला लावतो आणि बँकेचं पान उघडायला सांगतो. 'पेटी भरली, पासवर्ड टाकून खात्री करा' असे मेलही त्यांचेच. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन करा, बँकेला कळवा, आणि दुसऱ्या फोनवरून मेलचा पासवर्ड बदला. पासवर्ड बदलायची खरी वेळ ही.